तळटीप : ‘रॉट’

१. मोर्सने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पाठवलेल्या तारेतील हा शेवटचा शब्द. तारेचे वाक्य बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकातील आहे. ‘रॉट’ हे ‘वर्क’ या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप. येथे ते ‘हॅथ’ या सहायक क्रियापदासोबत धातुसाधित म्हणून आले आहे. ‘काम केले’ हा अर्थ येथे अगदीच तोकडा पडतो. कर्ता साक्षात ईश्वर असल्याने प्रस्तुत भाषांतरात ‘घडवले’ हाच शब्द ठेवला आहे.

‘वर्क’ आणि ‘रॉट’ एकमेकांपासून इतके दूर दिसतात याचे कारण वर्णविपर्यय. प्राचीन इंग्रजीतील ‘वोर्ह्ते’ या रूपातला ‘र’ पुढे स्वराच्या अलीकडे सरकला; आपल्याकडे बोलताना ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते, तसाच हा प्रकार. नाटककाराला ‘प्लेराइट’ म्हणतात, त्यातील ‘राइट’ही याच कुळातला. त्याचा लेखनाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ घडवणारा, कारागीर.

नियमित ‘वर्क्ड’ रुळल्यावर ‘रॉट’ रोजच्या वापरातून मागे पडले. घडीव लोखंडाच्या इंग्रजी नावात मात्र ते टिकून आहे, आणि ते अगदी यथार्थ आहे : ओतीव लोखंड साच्यात आकार घेते, हे हातोड्याखाली. ‘रॉट’ला ‘रीक’चे भूतकाळी रूप मानणे चूक आहे, ते ‘रीक्ड’ असे होते.