फातिमा नावाचा खरा अर्थ काय? जाणून घ्या

मुलीसाठी ‘फातिमा’ हे नाव शोधताना अनेक ठिकाणी ‘पवित्र’ किंवा ‘तेजस्वी’ असे अर्थ दिलेले दिसतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. अरबी भाषेत ‘फ-त-म’ या धातूचा अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. त्यावरून फातिमा म्हणजे दूध तोडणारी. बाळ वरच्या अन्नावर आलं, म्हणजे एका अवघड टप्प्यातून सुखरूप पार पडलं, हे लक्षात घेतलं की नाव विचित्र वाटत नाही.

‘तेजस्वी’ हा अर्थ खरं तर ‘जहरा’ या शब्दाचा. पैगंबर मुहम्मद यांची कन्या आणि हसन-हुसेन यांची आई फातिमा यांची ही पदवी. नाव जगभर पोहोचलं तेही त्यांच्यामुळेच.

महाराष्ट्रात चटकन आठवतात त्या सावित्रीबाई फुल्यांच्या सहकारी फातिमा शेख. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमावर पडणाऱ्या कामाची काळजी आहे.

गोव्यात ख्रिस्ती मुलींचंही हे नाव असतं. ते आलं पोर्तुगालमधल्या फातिमा गावावरून. तिथे १९१७ मध्ये तीन मेंढपाळ मुलांना मेरीमातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. गावाचं नाव मात्र मूळचं अरबीच!