चित्रनलिकेची पेटी आणि सपाट पडदा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषय एखाद्या संतकवीचा असावा, अशी आपली अपेक्षा असणार. मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाने दूरचित्रवाणीच्या जुन्या पेट्यांवर बोलावे, याचे काहींना नवलही वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमचा २१ इंची संच माळ्यावरून खाली आला आणि नातवाने विचारले, "आजोबा, हा आता भंगारात द्यायचा ना?" मला लगेच उत्तर देता आले नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आपल्यापुढे ठेवतो.

या पेटीचा जीव म्हणजे तिच्यातील काचेची चित्रनलिका. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली तिचे मूळ रूप सिद्ध केले. नलिकेच्या मागच्या टोकातून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत समोरच्या काचेवरील लेपावर आदळतो आणि तेथे प्रकाश उमटतो. आपल्या देशात हा झोत एका सेकंदात २५ चित्रे रेखीत असे आणि प्रत्येक चित्राला ६२५ ओळी असत. हे तंत्र शंभराहून अधिक वर्षे टिकले.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा आरंभ झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. त्यांत मध्य प्रदेशाचा समावेश होता. मात्र ती खेडी रायपूरच्या बाजूची, म्हणजे आजच्या छत्तीसगढमधील होती. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओसरीवर साऱ्या गल्लीची बैठक भरे. चपला दाराबाहेर निघत, आणि उशिरा येणाऱ्याला खिडकीशी उभे राहावे लागे.

आपल्या भागात या पेटीने आणखी एक कार्य केले. ते समजण्यासाठी १ नोव्हेंबर १९५६ या दिवसाकडे वळावे लागते. त्या दिवशी नागपूर राजधानी असलेले जुने राज्य विभागले गेले. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, कचेरीचा कागद हिंदीत आला. घरात मराठी, चावडीवर हिंदी, असा आपला संसार सुरू झाला. पुढे १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या. केबलची तार त्याच पोटफुगीर पेटीला जोडली गेली आणि राज्याची सीमा न विचारता मराठी पुन्हा दिवाणखान्यात बोलू लागली.

मग ही पेटी 'जुनी' कधी झाली? माझ्या घरचा संच आजही चालू करता येतो. बदलली ती त्याच्या भोवतीची व्यवस्था. २०१७ पर्यंत केबलचे अंकीय रूपांतर ठरविण्यात आले. २०२१-२२ मध्ये मोजकी ठिकाणे वगळता दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे जमिनीवरील प्रक्षेपण थांबले. छपरावरची अँटेना मुकी झाली. वस्तू झिजली नाही. तिच्याशी बोलणारे कोणी उरले नाही.

तथापि स्मरणरंजन हा काही विवेक नव्हे. सपाट पडदा हलका आहे, जागा थोडी घेतो, चित्र अधिक रेखीव देतो. आणि त्याच आकाराच्या नलिकेच्या संचापेक्षा त्याला वीजही बरीच कमी लागते. शाळेच्या वर्गात मागच्या बाकावरील मुलाला नकाशावरील अक्षर वाचता यावयाचे असेल, तर तेथे नवा पडदाच हवा. पण खोलीत एकट्या बसणाऱ्या वृद्धेला भजन-कीर्तन पाहावयाचे असेल, तर चालू संच टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या पाठीमागे पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या रंगांची भोके असतील, तर सेट-टॉप बॉक्स थेट जोडता येतो. केवळ अँटेनाचेच भोक असेल, तर मध्ये मॉड्युलेटर नावाची छोटी पेटी बसवावी लागते. झाकण मात्र घरी उघडू नये. संच बंद केल्यावरही नलिकेत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

संच खरोखर निकामी झाला, तर काय? येथे मात्र नातवाला 'भंगारात दे' असे सांगणे योग्य नव्हे. नलिकेच्या नरसाळ्यासारख्या मागील भागाच्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा शिशाचे ऑक्साइड असते. तांब्याच्या तारेसाठी नलिका फोडली की तांबे विकले जाते आणि शिशाची काच नाल्याकाठी पडते. जाम नदीचे पाणी आपणच वापरतो, हे विसरून चालणार नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार अशा वस्तूंच्या पुनश्चक्रणाचे दायित्व उत्पादकांवर आहे आणि ते काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हावयाचे आहे. शाळेने वर्षातून एकदा गावातील निकामी संच एकत्र करून अशा केंद्राकडे पाठविले, तर पर्यावरणाच्या धड्याला त्याहून चांगली जोड ती कोणती?

श्रोतेहो, २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला, तरी आपली भाषा जुनीच आहे. तिच्याविषयीही लोक म्हणतात, 'आता तिचा काय उपयोग?' मला त्या वेळी माळ्यावरचा संच आठवतो. भाषाही आपोआप जुनी होत नाही. तिच्याशी बोलणारे थांबले की ती जुनी ठरते. संचाला जोडणारी पेटी बाजारात मिळते. भाषेची जोडणी घरातल्या बोलण्यातून आणि या शाळेच्या वर्गातूनच व्हावयाची आहे.

नातवाला मी उत्तर दिले. संच झाडूनपुसून त्याच्या आजीच्या खोलीत लागला आहे, आणि बैठकीत नवा सपाट पडदा आला आहे. दोन्हींवर मराठी ऐकू येते.