सवलतीत घेतलेला क्विझ गेम सारखा बंद पडतोय? आधी सेल तपासा

भाचीच्या वाढदिवसासाठी मी वसई रोड स्टेशनजवळच्या एका दुकानातून इलेक्ट्रॉनिक क्विझ गेम घेतला. छोटा स्क्रीन, ए-बी-सी-डी अशी चार बटणं आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा आवाज. खोक्यावर किंमत १,४९९ रुपये, मला पडला ४५० ला. विरारला सगळे जमले, भाचीने पहिलंच उत्तर बरोबर दिलं आणि टाळ्या वाजता वाजता गेम बंद! पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. तिला वाटलं, आपणच काहीतरी बिघडवलं. ती रडवेली झाली.

गेम घरी आणून उघडला तेव्हा कळलं की तो बिघडलेलाच नव्हता. तुमच्याकडेही असा ‘मेलेला’ गेम असेल तर फेकण्याआधी हे वाचा.

आवाज आला की गेम बंद का पडतो?

स्क्रीनला वीज फार थोडी लागते, स्पीकरला त्याहून बरीच जास्त. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मग जास्त वीज ओढली की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि आतली चिप रीसेट होते. म्हणून स्क्रीन नीट दिसतो, पण टाळ्या वाजल्या की खेळ खल्लास.

सवलतीच्या मालात हे जास्त दिसतं. अनेक खेळण्यांना ‘ट्राय मी’ मोड असतो, म्हणजे दुकानात बटण दाबून आवाज ऐकता येतो. येणारा-जाणारा बटण दाबतो आणि खोक्यातले सेल तिथेच संपत येतात.

तपासायचं कसं?

१. सेल काढण्याआधी फोनने फोटो काढा. कोणता सेल कुठल्या दिशेने होता ते नंतर आठवत नाही. साधारणपणे सेलची सपाट बाजू (−) स्प्रिंगकडे येते.

२. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवून प्रत्येक सेल मोजा. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल १.५ च्या वर दाखवतो. १.३ च्या आसपास असेल तर तो अर्धाअधिक वापरला गेलाय. माझे तिन्ही सेल १.२ ते १.३ मध्ये होते.

३. सगळे सेल एकदम बदला. एक नवा, दोन जुने असं करू नका. जुना सेल आधी पूर्ण रिकामा होतो आणि गळायला लागतो.

४. नवे सेल घालूनही गेम चालत नसेल तर फोनचा टॉर्च लावून आतल्या पट्ट्या बघा. पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला तर वीज पुढे जाणार कशी? आपल्याकडे समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ. दमट हवेत पडून राहिलेल्या मालाच्या पट्ट्या लवकर गंजतात.

५. सेल बाहेर काढून, हातमोजे घालूनच साफ करा. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या. साधा झिंक-कार्बन सेल गळला असेल तर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरा. मग ओल्या काडीने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. नुसता गंज असेल तर खोडरबरानेही निघतो.

६. तरीही चालत नसेल तर पट्टीपासून वायर सुटली असेल. मोबाइल दुरुस्तीवाला दोन मिनिटांत डाग देऊन देईल.

रिचार्जेबल सेल चालतील?

बहुतेक गेममध्ये चालतात. पण निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो. तीन सेल मिळून ४.५ ऐवजी ३.६ व्होल्टच होतात. काही गेम एवढ्यावर ‘लो बॅटरी’ दाखवतात. साधे सेल मात्र चार्जरला लावू नका. फोनच्या चार्जरची वायर कापून थेट ५ व्होल्ट देण्याचा जुगाडही नको.

बटण सेल असेल तर जपून

काही छोट्या गेममध्ये सीआर२०३२ सारखा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. उलटी करवू नका, वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर असा गेम लहान मुलांच्या घरात घेऊच नका.

सवलतीत घेताना हे बघा

• आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे.
• खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष. माल जितका जुना, तितकी सेल गळल्याची शक्यता जास्त.
• दुकानातच झाकण उघडून पट्ट्या बघा. आवाज मोठा करून निदान पाच प्रश्न खेळा.
• बिल घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

खेळून झाल्यावर गेम महिनाभर कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा. बंद असतानाही काही गेम थोडी थोडी वीज ओढत राहतात. संपलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

माझा खर्च तीन नवे सेल आणि अर्धं लिंबू एवढाच झाला. पुढच्या रविवारी भाचीने सलग नऊ उत्तरं बरोबर दिली. टाळ्या नऊही वेळा शेवटपर्यंत वाजल्या.