प्रत्ययात अडकलेली माणसे

इंग्रजी कोशात काही विशेषणे अशी आहेत की, शेवटचा प्रत्यय सोलून काढला की आत एखादा मुलूख किंवा एखादा माणूस हाती लागतो. 'लॅकॉनिक' म्हणजे मितभाषी. त्यातला मुलूख लॅकोनिया, म्हणजे स्पार्टाचा प्रांत. मी जर तुमच्या मुलखात शिरलो तर तुमची धूळधाण उडवीन, अशी धमकी मॅसिडोनच्या फिलिपने पाठविली, स्पार्टाकडून एकाच शब्दाचे उत्तर गेले: "जर!" प्लुटार्कने सांगितलेली ही गोष्ट वर्गात सांगायला मोठी गोड, अडचण एवढीच की, पुढे दोन दिवस मुले प्रत्येक प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर देतात!

'पिऱ्हिक' विजयातला पिऱ्हस हा एपायरसचा राजा. ख्रि. पू. २७९ मध्ये अस्क्युलमला त्याने रोमनांना हरविले, पण असा आणखी एक जय मिळाला तर आपण संपलोच, असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली म्हणतात.

पण प्रत्ययाने खरा अन्याय केला तो ड्रेकोवर. 'ड्रेकोनियन' म्हणजे अमानुष कडक. अथेन्सच्या या गृहस्थाने ख्रि. पू. ६२१ च्या सुमारास कायदे केले, त्यांत भाजी चोरणारालाही म्हणे देहान्त! ते शाईने नव्हे, रक्ताने लिहिले, असा टोमणा डेमॅडीझ या वक्त्याने मारला, तोही सुमारे तीन शतकांनंतर. जगाच्या लक्षात राहिला तो टोमणा. त्यापूर्वी अथेन्सचा कायदा उमरावांच्या तोंडी असे. कोणाला कोणता लागू पडेल ते त्यांनाच ठाऊक. ड्रेकोने तो लिहून काढला. गरिबाला बोट ठेवून दाखवायला निदान अक्षर मिळाले! शिवाय जाणूनबुजून केलेला खून आणि हातून नकळत घडलेली हत्या यांत त्याने फरक केला. नकळत घडलेल्या हत्येला शिक्षा हद्दपारीची. मृताच्या आप्तांनी एकमताने क्षमा केली तर समेटही होई.

आपला 'तुघलकी' याच घाटाचा. १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलविणारा महंमद तुघलक मोठा विद्वान होता. एका ईकाराने ती सारी विद्वत्ता गिळली.

ख्रि. पू. ५९४ मध्ये सोलोनने ड्रेकोचे इतर कायदे मोडीत काढले, हत्येचे तेवढे ठेवले. ख्रि. पू. ४०९ च्या सुमारास अथेन्सकरांनी ते पुन्हा दगडावर कोरविले. तो झिजलेला दगड अथेन्सच्या शिलालेख-संग्रहालयात आहे. त्यावर वाचता येतो तो भाग नकळत घडलेल्या हत्येचा.