वरळी कोळीवाडा

मुंबई शहरातील मच्छीमारांची एक जुनी वसाहत. ती वरळीच्या उत्तर टोकास, समुद्रात शिरलेल्या खडकाळ भूशिरावर वसलेली आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस व पूर्वेस माहीमचा उपसागर आणि दक्षिणेस महानगराची दाट वस्ती, अशी तिची चतुःसीमा आहे. ज्या सात बेटांपासून आजची मुंबई घडली, त्यांपैकी वरळी हे एक. कोळी हे या बेटांचे ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत जुने रहिवासी होत. मुंबई हे नावही त्यांच्या मुंबादेवीवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते.

१५३४ मध्ये ही बेटे गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ च्या विवाहकरारान्वये ती इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली व १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कोळीवाड्याच्या टोकाशी असलेला वरळीचा किल्ला इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उपसागरात शिरणाऱ्या जहाजांवर व चाच्यांवर नजर ठेवणे, हा त्याचा मुख्य हेतू होता. तटबंदी, विहीर व घंटेचा मनोरा हे त्याचे अवशेष अद्याप उभे आहेत. ज्या जागेचे महत्त्व कंपनीला संरक्षणासाठी वाटले, तिचे महत्त्व कोळ्यांना निराळ्या कारणाने होते. येथून उपसागराचे संथ पाणी आणि खुला समुद्र ही दोन्ही हाताशी येतात.

महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी बेटांच्या मधल्या सखल भागात शिरत असे. हे पाणी थेट पायधुणीपर्यंत पोहोचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावाने ओळखला जाणारा बांध घालून हे खिंडार बुजविण्यात आले. आजचा लाला लजपतराय मार्ग याच बांधावरून जातो. पुढे वरळी मुख्य बेटाशी जोडली गेली आणि तिच्या परिसरात गिरण्या, चाळी व वसाहती उभ्या राहिल्या. अशा रीतीने बेटावरचे गाव शहरातील एक वाडा बनले. मात्र त्याची उपजीविका समुद्रावरच राहिली.

येथील मासेमारी प्रामुख्याने लहान होड्यांची व किनाऱ्याजवळची आहे. डोल हे शंकूच्या आकाराचे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात व भरती-ओहोटीच्या ओघाबरोबर त्यात शिरलेले बोंबील, मांदेली, करंदी, जवळा इ. पकडतात. याशिवाय पाण्यात पडद्याप्रमाणे सोडावयाची जाळी वापरली जातात. खडकाळ तळामुळे शेवंड व खेकडेही मिळतात. ओहोटीच्या वेळी खडकांवरील कालवे फोडून काढण्याचे काम स्त्रिया करतात. मासळीची विक्रीही परंपरेने त्यांच्याच हाती असल्याने घरातील आर्थिक व्यवहारात कोळणीस महत्त्वाचे स्थान आहे. स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रचलित होड्या, नायलॉनची जाळी व बर्फ यांचा प्रसार झाला आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या. महाराष्ट्रात पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामास आरंभ करण्याची प्रथा आहे. वरळीची गोलफादेवी हे येथील श्रद्धास्थान असून कार्ल्याची एकवीरा ही अनेक कोळी कुटुंबांची कुलदेवता आहे.

होड्या क्लीव्हलँड बंदर या लहानशा धक्क्यावरून खडकांमधील अरुंद वाटेने समुद्रात जातात. या वाटेचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने आलेले असून तिच्यावरील हक्क वहिवाटीचा आहे. अलीकडच्या बांधकामांमुळे या वहिवाटीचा प्रश्न तीव्र झाला. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला. त्यानंतर २०१८ मध्ये किनारा मार्गाचे काम सुरू झाले. त्यासाठी दिलेली किनारा नियमन क्षेत्राची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द ठरविली. मच्छीमारांची सहकारी संस्थाही त्या प्रकरणी न्यायालयात गेली होती. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती दिल्याने काम पुन्हा चालू झाले.

किनारा मार्ग सागरी सेतूस जोडणारा पूल कोळ्यांच्या याच वाटेवरून जाणार होता. मूळ आराखड्यात त्याच्या खांबांमधील अंतर सुमारे ६० मी. होते. वारा, लाटा व प्रवाह यांच्या जोराने होडी बाजूस ढकलली जाते. खडक जवळ असताना एवढ्या अंतरातून ती सुरक्षितपणे बाहेर काढता येणार नाही, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी १६० मी. अंतराची मागणी केली व काम रोखून धरले. अखेर २०२२ मध्ये शासनाने एक खांब वगळून अंतर १२० मी. करण्याचे मान्य केले. त्यामुळे तेथे कमानीच्या आकाराच्या लांब पोलादी तुळया बसवाव्या लागल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये हा मार्ग सेतूस जोडण्यात आला. मागणी पूर्णतः मान्य झाली नसली, तरी वहिवाटीच्या जलमार्गाची दखल पुलाच्या आराखड्यात घ्यावी लागली, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

वसाहतीच्या भूमीचा प्रश्नही असाच आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करण्याची तरतूद होती. तथापि राहत्या घरांबरोबरच जाळी विणण्याच्या, मासळी सुकविण्याच्या व होड्या ओढून ठेवण्याच्या मोकळ्या जागाही सीमांकनात याव्यात, असा मच्छीमारांचा आग्रह आहे. अशा जागा नकाशावर रिकाम्या दिसत असल्या, तरी व्यवसायाच्या दृष्टीने त्या घराइतक्याच आवश्यक आहेत.

जुन्या मच्छीमार गावांचे जतन अन्यत्रही झाले आहे. नॉर्वेच्या लोफोतेन द्वीपसमूहातील नुसफ्योर हे गाव १९७५ च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात संवर्धनाचा नमुना म्हणून निवडले गेले. तेथील कोळ्यांच्या लाकडी खोपटांत आता मुख्यतः पर्यटक उतरतात. वरळीत परिस्थिती उलट आहे. जुन्या घरांच्या जागी बहुमजली बांधकामे आली, अनेक तरुण नोकऱ्यांकडे वळले आणि सांडपाण्याने किनाऱ्याजवळचे पाणी दूषित झाले. तरीही होड्या समुद्रात जातात. त्यामुळे येथील संवर्धनाचा विचार करताना किल्ला व घरे यांच्याबरोबरच बंदर, जाळी वाळविण्याची जागा आणि खडकांमधील वाट यांचाही समावेश करणे आवश्यक ठरते.