ग्रॅफाइट झिजतं, पारा वाहतो

पोटॅशियम-आयन बॅटरीसाठी चांगला ॲनोड कोणता, याचं उत्तर बहुधा एका आकड्यात शोधलं जातं: एका ग्रॅममध्ये किती वीज मावते. आकडा महत्त्वाचा खराच, पण त्यावर निवड करू नये, आणि याचा पुरावा कल्याणच्या आसपासच आहे. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याची एनआरसी हे कारखाने लोकांना कृत्रिम रेशमाचे म्हणून ठाऊक. पण लाकडाच्या लगद्यातून धागा काढायचा तर लगदा आधी कॉस्टिक सोड्यात मुरवावा लागतो, आणि कॉस्टिक मिळतं मिठाच्या पाण्यात वीज सोडून. धाग्यामागे ही वीज सोडायचं सेल हाऊस आलंच. इलेक्ट्रोड कुठे टिकतो आणि कुठे दगा देतो, याचे धडे या धंद्यानं तिथे गिरवले.

जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये किंचित उतरत्या लोखंडी तळावरून पाऱ्याचा पातळ थर वाहायचा आणि त्याच्यावर ग्रॅफाइटच्या जाड पाट्या टांगलेल्या असायच्या. पाट्यांवर क्लोरीन सुटायचा, सोडियम खालच्या पाऱ्यात शिरायचा. तो पारा पुढे पाण्याला भिडला की कॉस्टिक आणि हायड्रोजन हाती यायचे. ग्रॅफाइट स्वस्त, पण टनभर क्लोरीनमागे दोन-तीन किलो झिजणारं. पाटी पातळ झाली की पाऱ्यापासूनचं अंतर वाढे, विजेचा खर्च चढे, म्हणून पाट्या सारख्या खाली सरकवाव्या लागत. 1965 मध्ये हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याचं पेटंट घेतलं. पुढे या महागड्या धातूनं स्वस्त कार्बनला जगभर हटवलं, ते मुख्यतः झीज थांबवण्याच्या आणि वीज वाचवण्याच्या जोरावर.

जाणकार इथे अडवतील: क्लोरीन सोडणारा ॲनोड आणि पोटॅशियम पोटात घेणारा बॅटरीचा ॲनोड यांचा संबंध काय? आक्षेप बरोबर आहे. बॅटरीच्या ॲनोडचा खरा पूर्वज त्या सेलमध्ये वर टांगलेला नव्हता, तो तळाशी वाहत होता. सोडियमला आत घेणं आणि मागितल्यावर परत देणं, हेच काम पारा करायचा. द्रव असल्यामुळे तो फुगून तडकण्याचा प्रश्नच नव्हता. पाहुणा सांभाळण्याच्या कसोटीवर त्याच्यात खोट काढणं कठीण. खोट निघाली ती कारखान्याबाहेर. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध 1981 मध्ये आला, आणि उल्हासच्या खाडीतल्या गाळातला पारा 2003 मध्ये मोजून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण सनदेनं पाऱ्याचे सेल काढून बिनपाऱ्याच्या मेम्ब्रेन सेलकडे जायला 2012 ची मुदत दिली. सेलची कार्यक्षमता कागदावर मांडणाऱ्या कुणाच्याच हिशेबात खाडीत गेलेल्या पाऱ्याची ही किंमत धरलेली नव्हती.

आता पोटॅशियमकडे वळू. ग्रॅफाइटच्या थरांत पोटॅशियम शिरतं, हे 1926 पासून माहीत आहे. आठ कार्बनमागे एक अणू. त्यातून ग्रॅममागे 279 मिलिॲम्पिअर-तास मिळतात, लिथियमला 372. पण पोटॅशियमचा आयन मोठा, त्यामुळे ग्रॅफाइट जवळजवळ 60 टक्के फुगतं, आणि पुन्हापुन्हा फुगून-आकसून खचतं. मग लोक अँटिमनीकडे वळतात: 660 मिलिॲम्पिअर-तास! फक्त तो चौपटीहून जास्त फुगतो, आणि धातू विषारी आहे. अँटिमनी म्हणजे पारा नव्हे, आणि बंद बॅटरीतून काही गळत नाही, असं यावर कुणी म्हणेल. वापरात असताना नाही गळत. पण कारखान्यातली धूळ, फुटलेले सेल आणि भंगारवाल्याकडे पोचलेला माल यांना हे लागू होत नाही. पाऱ्याचा थरही सेलच्या आतच राहील, असंच गृहीत धरलं होतं.

म्हणून माझा कल हार्ड कार्बनकडे आहे. साखरेपासून, नारळाच्या करवंटीपासून तो करता येतो, आणि त्याचे थर वेडेवाकडे व एकमेकांपासून दूर असल्यामुळे मोठ्या आयनाला जागा मिळते. त्यात खोट आहेच: पहिल्याच चार्जिंगमध्ये बरंचसं पोटॅशियम अडकून पडतं, ते परत येत नाही, आणि तेवढं जास्तीचं पोटॅशियम समोरच्या कॅथोडमधून पुरवावं लागतं. ही खोट निदान पहिल्याच दिवशी मोजता येते.