निशाणवाला आणि रिकामी बैठक

आमच्या लहानपणीं रात्रीच्या शेवटच्या खेपेनंतर टांगेवाला पेंगत असे आणि घोडें त्याला बिनचूक घरीं आणी. तेव्हां सारथ्याचें लक्ष नसतां गाडी चालणें यांत आम्हांस फारसें अपूर्व वाटत नाहीं. मात्र वाटेंत कोणी तुडविला गेला तर शिपाई घोड्यास चौकीवर नेत नसे, टांगेवाल्यास नेई. आज कांहीं शहरांत ज्या आपोआप चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत, त्यांच्या बाबतींत चौकीवर न्यावयाचें कोणाला, हाच खरा प्रश्न होऊन बसला आहे.

इंग्लंडांत वाफेच्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हां १८६५ सालीं पार्लमेंटनें कायदा केला, कीं गाडीबरोबर निदान तीन माणसें असावीं, त्यांतील एकानें ६० यार्ड पुढें लाल निशाण घेऊन पायीं चालावें, आणि वेग गांवांत ताशीं २ मैल व बाहेर ४ मैल यांहून अधिक नसावा. १८७८ मध्यें निशाणाची सक्ती सैल झाली. १८९६ मध्यें हलक्या मोटारी या बंधनांतून सुटल्या. या कायद्यास हंसणें ही प्राध्यापकांची जुनी खोड. आम्हीहि वर्गांत मुलांना त्यावर पुष्कळ हंसविलें आहे. आतां तें हंसें ओसरलें. निशाणवाल्यामुळें गाडीचा वेग मेला हें खरें. परंतु घोडीं बुजलीं, पोर आडवें आलें, तर इशारा देणारा आणि जाब देणारा माणूस सर्वांस समोर दिसत होता.

रुळांवरच्या गाड्यांनीं हा प्रश्न सोडविला नाहीं, टाळला. कोबे येथें १९८१ पासून, लील येथें १९८३ पासून, दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकावांचून गाड्या धांवूं लागल्या. पण त्यांच्या मार्गांत रस्ता ओलांडणारें कोणी येतच नाहीं.

सॅनफ्रान्सिस्कोंत मात्र मोटारी थेट गर्दींत उतरल्या. १० ऑगस्ट २०२३ रोजीं राज्याच्या आयोगानें क्रूझ व वेमो या कंपन्यांना रात्रंदिवस भाड्यानें उतारू नेण्याची परवानगी दिली. या गाड्या आमची वाट अडवितात, ही बंबवाल्यांची तक्रार तत्पूर्वींचीच होती. २ ऑक्टोबरला दुसऱ्या एका मोटारीची धडक बसून एक पादचारी स्त्री क्रूझच्या गाडीपुढें फेंकली गेली. गाडी थांबली, आणि मग बाजूस होण्यासाठीं पुन्हां निघाली. ती स्त्री सुमारें २० फूट फरफटत गेली. टांग्याच्या घोड्यानें असें केलें नसतें, असें आमच्या मनांत येऊन गेलें. पण पहिली धडक देणारा मनुष्य-चालक तर तेथून पळूनच गेला होता! २४ ऑक्टोबरला क्रूझचे परवाने तहकूब झाले; पुढें २०२४ मध्यें अपघाताचा खोटा अहवाल दिल्याचें कबूल करून कंपनीनें ५ लक्ष डॉलर दंड मान्य केला.

या सर्व काळांत वाहतुकीचा नियम मोडल्याचें चलन चालकाच्या नांवें लिहावयाचें, आणि चालकाची बैठक तर रिकामी, अशी पोलिसांची अडचण होती. २०२४ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियानें कायदा करून नोटीस गाडी बनविणाऱ्याच्या नांवें काढण्याची सोय केली. तिचा अंमल जुलै २०२६ पासून ठेविला.